मुखपृष्ठावरचा हा 'लाल' नावाचा चित्रकार कोण?

जिन्याखालची

नमस्कार मंडळी. इथे वाचते बरंच, लिहितेय पहिल्यांदाच. धागा चुकीच्या विभागात निघाला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझा मामा मिरजेला असायचा. पोस्टात नोकरी, लग्न केलं नाही, आणि संध्याकाळी गल्लीतल्या वाचनालयात बिनपगारी ग्रंथपाल. वाचनालय बंद पडलं तेव्हा पुस्तकं वजनावर गेली. दिवाळी अंकांचे बांधीव खंड मात्र मामाने सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून घरी आणले, किती खेपा केल्या कोण जाणे. गेल्या श्रावणात मामा गेला. घर रिकामं करताना जिन्याखाली दोन ट्रंका आणि द्राक्षांचं एक खोकं निघालं. त्यात २७ खंड. प्रत्येकात पाच-सहा अंक, काळी कापडी पाठ, पाठीवर पांढऱ्या रंगाने हाताने घातलेले आकडे. बहुतेक अंक १९५० ते १९७० च्या दरम्यानचे असावेत.

खरं सांगायचं तर माझा जीव अडकलाय तो फक्त मुखपृष्ठांत. आतली पानं पिवळी पडलीत, हात लावला की कोपरे पापडासारखे तुटतात, आणि आमच्या पुण्यातल्या दोन खोल्यांत २७ खंड ठेवायला जागा नाही. पण ती चित्रं! समया, तोरणं, चाफ्याच्या वेण्या, आणि जवळजवळ प्रत्येक बाईच्या गालावर नाहीतर कपाळावर वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का. शिक्का मारणारा आमचा मामाच, त्यामुळे बोलायची सोय नाही.

नवरा रद्दीवाल्याकडे भाव विचारून आला. मी ठरवलं की मुखपृष्ठं कापून घ्यायची, फ्रेम करायची, जिन्याच्या भिंतीला ओळीने लावायची आणि बाकीचं जाऊ द्यायचं. रविवारी ब्लेड घेऊन बसले, चार काढली. चौथ्याला हात थांबला.

फोटो जोडलाय. हिरव्या नऊवारीतली बाई पाठमोरी वळून समईची वात सारखी करतेय, उजेड फक्त हनुवटीवर आणि नथीवर. खाली डाव्या कोपऱ्यात सही आहे: 'लाल'. अंकाचं नाव मी मुद्दाम झाकलंय, नुसत्या चित्रावरून कुणाला ओळखता येतं का ते बघायचंय. मामा म्हणायचा, सगळ्यात देखणी बाई दिसली की चित्र मुळगावकरांचं समजायचं. मग हा लाल कोण? साल कसं ओळखायचं? आणि मी कापतेय ते चूक आहे का?

पेठेतला

आधी ब्लेड खाली ठेवा. मग बोलू.

(लाल नाही हो, दलाल. दीनानाथ दलाल. 'द' कुठे गेला ते तुमच्या ब्लेडला विचारा.)

माडाखालचो

दलालांचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. दलाल मडगावचे, जन्म १९१६. रघुवीर मुळगावकर अस्नोड्याचे, १९१८. मराठी दिवाळी अंकांवरच्या निम्म्या सुंदऱ्या आमच्या गोंयच्या दोन माणसांनी काढल्या, ही गोष्ट मुंबई-पुण्याची माणसं सोयीस्कर विसरतात. आमच्या घरात यावरून दोन पार्ट्या होत्या. आजी मुळगावकरांची. त्यांनी काढलेली लक्ष्मी देवघरात होती आणि तिला रोज हळदकुंकू लागायचं. आजोबा दलालांचे. ते म्हणायचे, मुळगावकरांची बाई बघून हात जोडावेसे वाटतात, दलालांची बघून ती आता काय बोलेल ते ऐकावंसं वाटतं. आजीसमोर म्हणायचे नाहीत.

तुमची समईवाली बोलणारी आहे. माझं मत दलाल.

चार_रंग

ताई, मी ब्लॉकमेकर, चित्रं छापायचे धातूचे ठसे करणारा. म्हणजे होतो. १९७१ साली, अठरा वर्षांचा असताना, गिरगावातल्या एका प्रोसेस स्टुडिओत लागलो आणि ऑफसेट छपाईने घरी बसवेपर्यंत तेच काम केलं. त्याच वर्षी जानेवारीत दलाल गेले, त्यामुळे त्यांना मी पाहिलेलं नाही. पण त्यांच्या चित्रांचे ब्लॉक हाताखालून गेलेली म्हातारी माणसं आमच्याकडे होती. जेवणाच्या सुट्टीत दलाल की मुळगावकर हा वाद तिथेही चालायचा, फक्त आमचा वाद आम्ल कुणाच्या चित्राला जास्त लागतं यावर असे.

तुमच्या हातात जे आहे ते कसं झालं ते आधी सांगतो, म्हणजे ब्लेड पुन्हा उचलणार नाही.

चित्रकाराचं मूळ चित्र यायचं. त्याचे मोठ्या कॅमेऱ्यावर रंगीत काचा लावून वेगवेगळे फोटो काढायचे: एकात पिवळा येईल असा, एकात तांबडा, एकात निळा, आणि चौथा काळ्यासाठी. मध्ये जाळीची काच, म्हणजे चित्राचे ठिपके होतात. ते ठिपके तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचे आणि फेरिक क्लोराईडमध्ये पत्रा खायला घालायचा. इथवर यंत्र. पुढे माणूस. पहिलं प्रूफ कधीच मूळ चित्रासारखं येत नसे. बाईचा गाल भाजल्यासारखा तांबडा, नाहीतर शेवाळल्यासारखा हिरवट. मग वार्निश लावून बाकीचा भाग झाकायचा आणि नुसत्या गालावर ब्रशने पुन्हा आम्ल सोडायचं, म्हणजे तांबडे ठिपके बारीक होतात आणि गाल निवतो. याला फाइन एचिंग म्हणत. जास्त खाल्लं की ब्लॉक वाया आणि मालकाच्या शिव्या. छापताना आधी पिवळा, मग तांबडा, मग निळा, शेवटी काळा. कागद केसभर सरकला की बाईला दोन ओठ. तुमच्या खंडांत असे दोन ओठांचे अंक सापडतील, ते फेकू नका, माझी आठवण ठेवा.

घरात भिंग असेल तर समईची ज्योत बघा. रंगीत ठिपक्यांची बारीक फुलं दिसतील. तशीच दिसली तर ते तेव्हाचंच छापील आहे.

आता दलाल की मुळगावकर. मुळगावकर स्प्रेचा वापर फार सफाईने करत. त्यामुळे त्यांच्या बाईच्या कातडीवर ब्रशचा माग दिसत नाही, सगळं चांदणं पडल्यासारखं गुळगुळीत. दलालांकडे रेघ असते. पदराची कड, बोटं, मानेचा बाक, सगळं एका दमात ओढलेलं, आणि मागची जागा कितीदा मोकळी किंवा सपाट रंगाची. ते मुळात रेखाटनकार. तुमच्या फोटोत नऊवारीच्या ओच्याची रेघ बघा, ती मध्ये कुठे थांबलेली नाही. पण सावध राहा: दलालांच्या धाटणीने काढणारे त्या काळात कमी नव्हते. नुसत्या धाटणीवर मी शपथ घेणार नाही.

म्हणून सहीकडे वळू. फोटोत डावी कड नीट बघा. बाईची वेणी अर्धीच आहे. चित्रकार वेणी अर्धी ठेवत नाही. बाईंडरने पाच-सहा अंक एकत्र शिवताना पाठीकडची अर्धा-पाऊण इंच कड शिवणीत धरली आणि तुम्ही ब्लेड शिवणीच्या बाहेरून फिरवलंत. म्हणजे चित्राची उरलेली पट्टी खंडातच अडकलेली आहे. खंड टाकला नसेल तर उघडा आणि बघा.

दुसरं, त्याच अंकाची अनुक्रमणिका काढा. मुखपृष्ठ कोणाचं हे बरेचदा तिथे शेवटच्या ओळीत बारीक टाइपात असतं. चित्रावर सही नसेल तर सगळ्या जगात चित्रकाराचं नाव तेवढ्या एका ओळीत असतं, आणि ती ओळ तुम्ही रद्दीवाल्याला द्यायला निघालात.

हे मी शहाणपणाने बोलत नाही. १९९२-९३ च्या सुमारास मी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून अंक घ्यायचो आणि घरी येऊन मुखपृष्ठ फाडून बाकीचा अंक शेजाऱ्यांच्या पोरीला शाळेच्या रद्दीसाठी द्यायचो. अल्बममध्ये साठेक चित्रं आहेत. निम्म्यांचं साल मला सांगता येत नाही. पंधरा तरी अशी आहेत की चित्रकार कोण तेही कळत नाही, आणि त्यातल्या दोन-तीन चित्रांचे ब्लॉक कदाचित आमच्याच स्टुडिओत झाले असतील.

बुधवार_बाजार

वर सगळे कापू नका म्हणतायत, मी उलट बाजूने बोलतो. मी जुन्या बाजारातून अंक उचलतो आणि कापतो. का? कारण न्यूजप्रिंट मरतो. त्या कागदात लाकडाचा लगदा असतो, तो स्वतःच्याच आम्लाने जळतो, तुम्ही काहीही करा. मुखपृष्ठ आर्ट पेपरवर असतं, ते टिकतं. सडलेला अंक छातीशी धरून बसायचं आणि त्याच्यापायी चांगलं चित्रही घालवायचं, यात मला काही भक्ती दिसत नाही. आणि विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक सुट्या चित्राला चटकन मिळतं, अख्ख्या अंकाला महिनोन्महिने नाही.

चार_रंग

बाजारसाहेब, मोडकळीला आलेल्या, आधीच अर्ध्या पानांच्या अंकाचं मुखपृष्ठ वाचवलंत तर मीही हात जोडीन. पण कापायच्या आधी अनुक्रमणिकेचा आणि शेवटच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून चित्राच्या मागे पेन्सिलीने साल लिहिता का? नाही ना. तिथेच आपलं भांडण.

बुधवार_बाजार

हे मान्य. पुढच्या वेळेपासून.

पेठेतला

साल ओळखायचं विचारलंत ते राहूनच गेलं. पहिली पानं फाटली असतील तरी बहुतेक वेळा साल काढता येतं. माझ्या रीती:

किंमत बघा. आण्यांत असेल तर बहुधा १९५७ च्या आधीचा, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. 'नये पैसे' किंवा 'न. पै.' असेल तर १९५७ ते १९६४ मधला, नंतर 'नये' गळालं. जाहिरातींतले पत्ते बघा. 'मुंबई ४', 'पुणे २' असे एका-दोन आकड्यांचे असतील तर १९७२ च्या आधीचा, त्या वर्षी १५ ऑगस्टला सहा आकडी पिनकोड सुरू झाला. आणि सगळ्यात सोपं म्हणजे वार्षिक राशिभविष्य. ते फाडून कुणी नेलं नसेल तर त्यात पुढच्या वर्षाचा आकडा असतोच. मी स्वतः भविष्यावर विश्वास ठेवत नाही, पण भूतकाळ सांगायला त्याच्यासारखं साधन नाही. शके दिलं असेल तर ७८ मिळवा.

आणि मागचं मुखपृष्ठ विसरू नका. स्नो, केशतेल, साबण यांच्या जाहिराती कितीदा पुढच्या चित्राइतक्याच मन लावून काढलेल्या असतात. कापणारे पुढचं घेतात आणि मागचं टाकतात, हे म्हणजे पुरणपोळी घेऊन कटाची आमटी मोरीत ओतण्यासारखं.

तुमच्या २७ खंडांत 'आवाज' आहे का? असेल तर आतली खिडकीचित्रं तपासा. वरच्या पानाला कापलेली खिडकी, तीतून भलतंच काहीतरी दिसतं आणि पान उलटलं की साधा फणस नाहीतर मडकं निघतं. वाचनालयाच्या प्रतींत पोरांनी त्या खिडक्या ओढून फाडलेल्या असतात. शाबूत मिळाली तर नशीब. 'मोहिनी' असेल तर शि. द. फडणिसांची मुखपृष्ठं, एक शब्द नाही आणि हसू आवरत नाही. आणि चुकून १९०९ चा 'मनोरंजन' निघाला, तर नवऱ्याला सांगू नका, आधी मला कळवा. काशीनाथ रघुनाथ मित्रांचा तो अंक, मराठी दिवाळी अंकांची सुरुवात. (मित्र हे मूळचे आजगावकर. बंगाली साहित्यावर इतके भाळले की आडनावच बदललं.) निघणार नाही म्हणा, पण जिन्याखाली काय असेल सांगता येत नाही.

काळा_कोट

एक कोरडी गोष्ट. ही चित्रं स्कॅन करून स्वतःच्या भिंतीवर लावा, कुणी विचारणार नाही. पण पोस्टर, मग, कॅलेंडर करून विकायचा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल तर थांबा. आपल्याकडे चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं मोजतात. दलाल १९७१ ला गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत. मुळगावकर १९७६, म्हणजे २०३६ संपेपर्यंत. चित्र जुनं झालं म्हणून ते बेवारस होत नाही. अंक विकत घेतला म्हणजे तुम्ही कागद विकत घेतलात.

चार_रंग

ताईंनी अजून उत्तर दिलेलं नाही, पावसाळाही तोंडावर आलाय, म्हणून ठेवण्याबद्दल दोन शब्द.

आर्ट पेपरला चिनी मातीचा लेप असतो. तो भिजला की सरसासारखा चिकटतो. दोन मुखपृष्ठं ओली होऊन एकमेकांना लागली आणि तशीच वाळली तर ती एक झाली, पुन्हा सुटत नाहीत. तेव्हा खालच्या मजल्यावर, ओल्या भिंतीला टेकून काही ठेवायचं नाही. सेलोटेप अजिबात नाही, दहा वर्षांत तिचा तपकिरी पट्टा चित्राच्या आरपार उमटतो. लॅमिनेशन म्हणजे चित्राला काचेत जिवंत पुरणं. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकवू नका. कसर असेल तर खंड पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, आधी घरच्या उन्हाळ्याशी जुळू द्यायची, नाहीतर आत दव धरतं.

जिन्याच्या भिंतीवर ऊन येतं का? येत असेल तर मूळ चित्र तिथे लावू नका. तांबडा आणि पिवळा आधी उडतात. दोन-चार वर्षांत तुमची हिरव्या नऊवारीतली बाई निळी होईल. भिंतीवर स्कॅनची प्रत लावा, ६०० डीपीआयला स्कॅन करा, आणि मूळ अंक कपाटात झोपवून ठेवा, उभा नाही.

जिन्याखालची

उशीर झाला, माफ करा. परीक्षांचे पेपर होते, आणि थोडी लाजही वाटत होती.

खंड टाकले नव्हते. रद्दीवाला शनिवारी येणार होता. खंड क्र. १४ उघडला आणि शिवणीजवळ बोटाने पानं ताणून धरली. चार_रंग काका म्हणाले तशी जेमतेम बोटभर पट्टी तिथे उभी आहे. तिच्यावर वेणीचा उरलेला अर्धा भाग, त्यातलं चाफ्याचं एक फूल, आणि खाली अगदी दोऱ्याच्या टाक्याला लागून 'द'. टाका त्या 'द'च्या पोटातूनच गेलाय. मी कापलेला कागद तिथे नेऊन धरला तर रेघ रेघेला लागली.

अनुक्रमणिकाही मिळाली. शेवटून दुसरी ओळ: मुखपृष्ठ : दलाल. आणि त्या ओळीखाली मामाच्या पेन्सिलीची रेघ. बाकी अंकांतही बघितलं, तर प्रत्येक अनुक्रमणिकेत फक्त मुखपृष्ठाच्या ओळीला रेघ आहे. कथांना नाही, कवितांना नाही. मामा म्हणजे घरी मुळगावकर-मुळगावकर करायचा आणि पेन्सिलीच्या रेघा मोजल्या तर दलालांच्या जास्त आहेत! आता त्याच्याशी भांडायची सोय नाही, याचं फार वाईट वाटलं.

दुसऱ्या एका कापलेल्या मुखपृष्ठाच्या अंकाची पहिली पानं गायब होती. पेठेतल्यांच्या रीती लावल्या. किंमत नये पैशांत, पत्त्यांत नुसतं मुंबई ४, भविष्य १९६१ चं. म्हणजे दिवाळी १९६०. मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

'आवाज' दोन निघाले. एकाची खिडकी फाटलेली, दुसऱ्याची शाबूत. फणस नाही, पण जे आहे ते इथे लिहिता येणार नाही. 'मनोरंजन' नाही निघाला.

चारही मुखपृष्ठं पातळ कागदात घालून आपापल्या अंकांत परत ठेवलीत. चिकटवली नाहीत, घाबरते. काका, ते चिकटवायचं कशाने ते सांगा.

चार_रंग

गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ, आणि मागून जपानी टिश्यूची पट्टी. पण आधी एखाद्या बिनकामाच्या कागदावर चार वेळा करून बघा. किंवा नका चिकटवू. 'द' आणि 'लाल' एकाच खंडात राहतायत, एवढं पुरे आहे. दोन ओठांची बाई सापडली का?

जिन्याखालची

सापडली! खंड २२. तीन ओठ आहेत. फोटो उद्या टाकते.

नवरा विचारतोय, शनिवारी रद्दीवाला येईल त्याला काय द्यायचं. म्हटलं, द्राक्षांचं खोकं रिकामं झालंय, ते दे.